लाखाचा टॅबलेट घेण्याआधी: आयपॅड प्रो कसा पारखावा

पावसाळा लागला, दिवाळी अंकांची चित्रं हातात आली, की माझ्याकडे सुलेखन शिकायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, आयपॅड प्रो घेऊ का?" प्रश्न साधा असतो, पण त्याच्या मागे लाखभर रुपये उभे असतात. ते बहुतेक वेळा आईवडिलांनी साठवलेले असतात, नाहीतर हप्त्यावर काढायचे असतात. म्हणून मी तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणत नाही. माझं रोजचं काम याच टॅबलेटवर चालतं आणि तो मला मनापासून आवडतो. तरीही विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी "जरा थांब" म्हणते. का म्हणते आणि कुणाला म्हणत नाही, ते इथे क्रमाने लिहिते. पहिल्यांदाच टॅबलेट घेणाऱ्याला समजेल, इतपत सगळं सोपं ठेवते.

आधी यंत्राबद्दल थोडं. पहिला आयपॅड २०१० साली आला आणि 'प्रो' नावाचा २०१५ साली. मे २०२४ मध्ये एम४ चिपचा प्रो आला, तेव्हा त्याचं अंगच बदललं. १३ इंची आवृत्ती फक्त ५.१ मिलिमीटर जाड आणि ५७९ ग्रॅम वजनाची, तर ११ इंची ४४४ ग्रॅमची. पडदा ओलेड (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा) झाला, तोही एकावर एक दोन थरांचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये एम५ आला तो याच अंगाचा, आत चिप नवी. पुढे मी 'प्रो' म्हणेन ते या दोघांना धरून.

पहिली पायरी: आठवड्याची वही

दुकानात जाण्याआधी आठ दिवस एक वही जवळ ठेवा. दिवसभरात फोनवर, लॅपटॉपवर आणि कागदावर जे जे काम कराल, ते त्यात लिहा. पुढे एक खूण करा: हे काम आत्ता नीट होतंय की अडतंय? बस, इतकंच.

आठ दिवसांनी वही उघडलीत की कामांचे ढीग आपोआप दिसतील. हाताने काढायचं-लिहायचं काम एका ढिगात: चित्र, अक्षर, नकाशावर खुणा, विद्यार्थ्यांच्या पीडीएफवर लाल शेरे, गणिताची मांडणी. टायपिंग आणि हिशेब दुसऱ्या ढिगात. नुसतं बघणं-वाचणं तिसऱ्यात. प्रोचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते पहिल्या ढिगातून. दुसरा ढीग मोठा असेल तर तुम्हाला लॅपटॉप हवा आहे. तिसरा मोठा असेल तर याच्या एक तृतीयांश किमतीचा टॅबलेट पुरतो, कारण मालिका आणि क्रिकेट तिथेही तेवढंच छान दिसतं.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत पहिल्या ढिगात आठवड्याचे जेमतेम दोन तास निघाले. ती स्वतःच म्हणाली, "ताई, मला कागदच पुरेल." तिने चांगली शाई आणि हँडमेड कागद घेतला, आणि त्या वर्षी तिचं अक्षर खूप सुधारलं.

दुसरी पायरी: पूर्ण बेरीज

जाहिरातीत दिसते ती नुसत्या पाटीची, म्हणजे टॅबलेटची, किंमत असते. एम४ आणि एम५ दोन्ही भारतात आले तेव्हा ११ इंची प्रो ९९,९०० रुपयांना होता आणि १३ इंची १,२९,९०० रुपयांना. यात २५६ जीबी साठवण मिळते. काचेवर लिहायची पेन्सिल प्रो वेगळी, ११,९०० रुपयांची. मॅजिक कीबोर्डही वेगळा: लहानासाठी २९,९०० आणि मोठ्यासाठी ३३,९००.

म्हणजे १३ इंची, पेन्सिल आणि कीबोर्ड मिळून १,७५,७०० रुपये. याउलट २०२५ च्या मार्चमध्ये आलेला एम४ मॅकबुक एअर हा लॅपटॉप ९९,९०० पासून होता, आणि त्यात कीबोर्ड आलाच. एवढंच नव्हे, १३ इंची प्रोला कीबोर्ड जोडला की वजनही मॅकबुक एअरइतकंच, सव्वा किलोच्या आसपास जातं. हलका म्हणून घेतला आणि कीबोर्डसकट वागवला, तर हलकेपणा गेलाच.

म्हणून माझं सांगणं असतं की सुरुवातीला फक्त पाटी आणि पेन्सिल घ्या. कीबोर्डवाचून अडलंच, तर घरात असलेला कुठलाही ब्लूटूथ कीबोर्ड याला जोडता येतो. सहा महिन्यांनीही मॅजिक कीबोर्ड हवासा वाटला, तर तेव्हा घेता येईल.

बेरजेची दुसरी बाजूही बघा. २०१८ सालचा आयपॅड प्रो २०२५ ची आयपॅडओएस २६ (आयपॅड चालवणारी व्यवस्था) चालवतो. इतकी वर्षं टिकणारं यंत्र असेल, तर ११ इंची आणि पेन्सिल मिळून १,११,८०० रुपये सात वर्षांत विभागले की वर्षाला सोळा हजारांच्या आसपास पडतात. चित्रांचं मानधन घेणाऱ्याला हे जड नाही. व्यवसायासाठी जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घालायला सांगा. किमतीत १८ टक्के कर धरलेला असतो आणि त्याचं क्रेडिट मिळतं. विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी सवलतीची किंमत असते, तीही विचारायला विसरू नका. एम४ च्या वेळी हा फरक दहा हजारांचा होता.

तिसरी पायरी: माप

११ की १३, यावर लोक फार घोळ घालतात. मी पट्टी लावून मोजते. १३ इंची पडद्याची प्रत्यक्ष मापं जवळपास २६.५ बाय २० सेंटिमीटर आहेत, आणि ए४ कागद २९.७ बाय २१ चा. म्हणजे ए४ पान त्यावर जेमतेम थोडं लहान होऊन मावतं. शोधनिबंध, प्रश्नपत्रिका, वास्तुविशारदाचे आराखडे वाचणाऱ्यांना हेच माप हवं. ११ इंची पडदा २३ बाय १६ सेंटिमीटरचा आहे. आपली मराठी पुस्तकं ज्या डेमी आकारात छापतात, ते पान त्यात आहे त्या मापात बसतं आणि कडेला जागाही उरते.

वाचन, प्रवास आणि रेखाटनवही म्हणून ११ इंची उत्तम. टेबलावर बसून मोठी चित्रं करायची असतील तर १३. मी १३ वापरते, पण लोकलमध्ये उभं राहून तो हातात धरवत नाही.

१३ इंचीचा पडदा ४:३ प्रमाणाचा, चौकोनाकडे झुकणारा आहे; ११ इंचीचा त्याहून थोडा लांबट. पानासाठी तो छान, पण सिनेमा लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. तिसरा ढीग मोठा असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

चौथी पायरी: दुकानात अर्धा तास

दुकानात प्रो हातात आला की सगळे फोटो सरकवून बघतात आणि "वा, काय रंग आहेत!" म्हणतात. रंग आहेतच सुंदर. साध्या वापरातही पडदा १००० निटपर्यंत (निट हे उजेडाचं माप) उजळतो, आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण तेवढ्याने काही कळत नाही. पिशवीत एक प्लास्टिकची पट्टी घेऊन जा आणि या गोष्टी करून बघा.

नोट्स हे ॲप उघडा. पट्टी काचेवर तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने पेन्सिल अगदी सावकाश ओढा, दहा सेकंदांत एक रेघ. सुमार टॅबलेटवर ही रेघ गोगलगायीच्या वाटेसारखी नागमोडी येते. प्रोवर ती सरळ येते. हीच परीक्षा शेजारच्या स्वस्त टॅबलेटवर करा, म्हणजे पैसे कशाचे जातात ते डोळ्यांना दिसेल.

मग तळहाताची कड काचेवर बिनधास्त टेकवून 'ज्ञानेश्वर' लिहा. त्यात जोडाक्षरं आहेत, मात्रा आहे, वेलांटीसारखी वळणं नसली तरी 'श्व' ची गाठ आहे. त्यावर एक लांब शिरोरेषा एका दमात ओढा. हात टेकल्याचे डाग उठतात का, शिरोरेषेच्या टोकाला रेघ तुटते का, ते बघा. पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो, त्यामुळे शाई टोकाच्या जवळजवळ लगोलग उमटते. प्रोपेक्षा स्वस्त असलेल्या आयपॅड एअरवर हा वेग ६० आहे. भरभर लिहिताना मला तो फरक जाणवतो. तुम्हाला जाणवला नाही, तर तुमचे चाळीस हजार वाचले, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे.

तिसरी परीक्षा प्रकाशाची. टॅबलेट दुकानातल्या दिव्याखाली आडवा धरा. काच आरशासारखी चमकते. खिडकीजवळ काम करणाऱ्यांना हा त्रास रोज होणार. यावर नॅनो टेक्स्चरची, चमक कमी करणारी काच मिळते, पण ती १ टीबी आणि २ टीबीच्याच आवृत्तीत. म्हणजे ११ इंचीलाही १,५९,९०० अधिक काचेचे दहा हजार. मी टेबलाची दिशा बदलली, त्यावर भागलं.

आणि शेवटी, पाटी एका हातात धरून पाच मिनिटं नुसतं वाचत उभे राहा. मनगट काय म्हणतंय ते ऐका.

पाचवी पायरी: पेन्सिल समजून घ्या

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग.

बोरूचं टोक तिरकं तासलेलं असतं. आपल्या अक्षराची जाडी-बारीकी येते ती त्या टोकाच्या कोनातून, दाबातून तितकी येत नाही. 'क' चं पोट वळताना किंवा 'ळ' च्या दुसऱ्या गोलात शिरताना सरावलेला हात बोरूला बोटांत किंचित फिरवतो. बघणाऱ्याला कळतही नाही, पण अक्षर जिवंत होतं ते तिथे.

जुन्या पेन्सिलींना दाब कळायचा, हात कुठल्या बाजूला झुकलाय तेही कळायचं. पण पेन्सिल स्वतःभोवती फिरवली तर पडद्याला पत्ता लागत नसे. त्यामुळे ब्रशचा कोन आधी ठरवून ठेवावा लागे, किंवा हाताच्या झुकण्यावर सोडावा लागे, आणि अक्षर छापील वाटे. पेन्सिल प्रोमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फिरणं ओळखणारा सेन्सर आहे. तुम्ही ती बोटांत फिरवलीत की ब्रशचं टोकही फिरतं. प्रोक्रिएट या चित्र काढायच्या ॲपमध्ये चपटा ब्रश घेऊन मी पहिल्यांदा 'श्री' काढला तेव्हा माझा वीस वर्षांचा सराव काचेवर जसाच्या तसा उतरला. डोळ्यांत पाणी आलं, हे खरं सांगते.

पण लक्षात घ्या, हीच पेन्सिल प्रो एअरलाही चालते, आणि २०२५ चा एम३ एअर ५९,९०० रुपयांपासून होता. म्हणजे नुसत्या सुलेखनासाठी प्रोच हवा असं नाही. २०२५ चा साधा आयपॅड ३४,९०० रुपयांपासून होता. त्याला पेन्सिल प्रो चालत नाही. यूएसबी-सी वाली पेन्सिल चालते, पण तिला दाब कळत नाही. नोट्स काढायला ती ठीक आहे, अक्षरकलेला मात्र निरुपयोगी. दाब कळणारी पहिल्या पिढीची पेन्सिल त्याला चालते, पण फिरवण्याची गंमत तिच्यात नाही. दुसऱ्या पिढीची जुनी पेन्सिल घरात असेल, तर ती एम४ आणि एम५ प्रोला चालत नाही. "आहे की पेन्सिल" म्हणून हिशेबातून ते बारा हजार वगळू नका.

आणखी एक अनुभवाचं. काचेवर कागदासारखी खरखर यावी म्हणून मी एकदा स्वस्तातला जाडसर संरक्षक कागद (स्क्रीन गार्ड) चिकटवून घेतला होता. महिन्याभरात पेन्सिलीचं टोक झिजलं, रंग धुरकट दिसू लागले आणि बारीक रेघा मधेच तुटायला लागल्या. दोन मुखपृष्ठांचं काम मला पुन्हा करावं लागलं. असा कागद लावायचाच असेल तर पातळ लावा आणि टोकांचा जादा संच जवळ ठेवा.

सहावी पायरी: जिथे तो कमी पडतो

प्रोच्या चिपमध्ये ताकद लॅपटॉपची आहे, पण त्यावर चालणारी व्यवस्था अजून लॅपटॉपइतकी मोकळी नाही. हे त्याचं सर्वांत मोठं वैगुण्य, आणि खरेदीपूर्वी समजून घ्यायची मुख्य गोष्टही हीच. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आयपॅडओएस २६ आली आणि बरीच सुधारणा झाली: खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करता येतात, वर मेनूची पट्टी आली, मोठा व्हिडिओ बाहेर काढताना मागे दुसरं काम करता येतं. इतकंच काय, व्हॉट्सॲपचं खास आयपॅडसाठीचं ॲपही २०२५ च्या मे महिन्यात कुठे आलं.

पण आपल्याकडच्या कित्येक कामांना खास विंडोजच लागतं. हिशेबासाठी टॅली वापरत असाल, तर ते यावर बसवता येत नाही. निविदा भरायला किंवा कंपनीच्या कागदांवर डिजिटल सही करायला जो यूएसबी टोकन लावतात, तो लॅपटॉपलाच लावा. छापखान्याशी संबंध असणाऱ्यांसाठी तर खास सूचना: कित्येक मराठी प्रकाशनांचं काम अजून श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. तिथून युनिकोड (सगळ्या यंत्रांना वाचता येणारी अक्षरांची संकेतपद्धत) नसलेली फाइल आली की तुमच्या पडद्यावर अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. मी अशा वेळी संपादकांकडून मजकूर युनिकोडमध्ये, सोबत पीडीएफ, असाच मागून घेते. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांनाही सांगते, आयफोनची ॲप्स जिथे बनवतात ते एक्सकोड आयपॅडवर चालत नाही.

रंगांबाबत चित्रकारांना एक इशारा. हा पडदा इतका तेजस्वी आहे की त्यावर झेंडूचा केशरी पेटल्यासारखा दिसतो, आणि छापून आला की मलूल. चूक छापखान्याची नसते. शाईला तो रंग गाठताच येत नाही. प्रोक्रिएटमध्ये कॅनव्हास उघडतानाच सीएमवायके (छपाईच्या चार शायांचा रंगसंच) निवडा आणि उजेड निम्म्यावर ठेवून काम करा.

घरात एकच टॅबलेट सगळ्यांनी वापरायचा, तर अडचण आहे. यात घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं देता येत नाही. तुमची अर्धवट चित्रं आणि मुलाचे खेळ एकाच ठिकाणी राहतात. पाण्याबाबतही अधिकृत संरक्षण नाही, त्यामुळे जुलैत रेनकोटच्या खिशावर विसंबू नका. हेडफोनची गोल पिन २०१८ पासूनच गेली आहे.

इथे सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस मालिकेचं नाव घ्यायलाच हवं. एस९ पासून या मालिकेतल्या मुख्य टॅबलेटना पाणी-धुळीचं आयपी६८ संरक्षण आहे. पेन डब्यातच मिळतो, आणि लिहिण्यासाठी त्याला चार्ज करावं लागत नाही. मेमरी कार्ड घालता येतं, घरातल्यांची वेगवेगळी खाती ठेवता येतात. प्रोक्रिएट मात्र तिथे नाही. क्लिप स्टुडिओ आणि कृता ही चित्रांची ॲप्स आहेत, आणि दोन्ही चांगली आहेत. शिक्षक आणि पीडीएफवर काम करणाऱ्यांनी मी सांगितलेली पट्टीची परीक्षा याच्यावरही करून बघावी.

सातवी पायरी: कोणती आवृत्ती

साठवण २५६ जीबी पुरते. व्हिडिओ करणाऱ्यांनी मोठी साठवण घेण्यापेक्षा बाहेरची एसएसडी (वेगवान साठवणपेटी) जोडावी. कडेचं पोर्ट थंडरबोल्टचं, वेगवान आहे. रॅममध्ये (चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीमध्ये) मात्र फरक पडतो: एम४ मध्ये २५६ आणि ५१२ जीबीला ८ जीबी रॅम होती, एम५ मध्ये ती १२ झाली, आणि १ टीबीपासून वर १६. प्रोक्रिएटमध्ये मोठ्या कॅनव्हासवर किती थर मिळणार हे रॅमवर ठरतं. पोस्टर-मुखपृष्ठं करणाऱ्यांनी त्यामुळे एम५ च घ्यावा.

सिमची आवृत्ती वीस हजारांनी महाग आणि त्यात फक्त ई-सिम चालतं. घर आणि ऑफिस एवढ्यातच वापर असेल तर फोनचं हॉटस्पॉट बस झालं. पण वाय-फाय आवृत्तीत जीपीएस नसतो. जमीन मोजणीला, साइटवर किंवा गड-किल्ल्यांच्या नोंदींसाठी नकाशा वापरणार असाल, तर ही गोष्ट आधी माहीत हवी.

वापरलेला घ्यायचा असेल तर २०२१ चा एम१ किंवा २०२२ चा एम२ प्रो अजून दमदार आहे. त्याला दुसऱ्या पिढीची पेन्सिल लागते. विकणाऱ्यासमोर बसून त्याचं खातं काढायला लावा आणि टॅबलेट पूर्ण पुसून पुन्हा सुरू करा. टॅबलेटने जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला तर उठा. मग तो सपाट टेबलावर पालथा ठेवून कडेने डोळा लावा. मधे वाकलेला असेल तर उजेडाची फट दिसते.

आठवी पायरी: बिल करताना आणि घरी आणल्यावर

उघडलेला डबा परत घेणारी दुकानं आपल्याकडे विरळ, म्हणून बिल देण्याआधीच समोर सुरू करून घ्या. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून मेलेले ठिपके शोधा. पेन्सिल कडेला चिकटवून जोडली जाते ना, ते बघा. पाठीला लगेच आवरण घाला. पडदा आणि काच एकसंध असल्यामुळे फुटला तर दुरुस्ती फार महाग पडते, आणि एका वर्षाच्या वॉरंटीत पडझड येत नाही. प्रवास जास्त असेल तर अपघाताचं वेगळं संरक्षण घ्या. सेटिंगमध्ये बॅटरीच्या भागात ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे. टेबलावरच वापरणाऱ्यांनी ती चालू करावी.

आणि त्याच संध्याकाळी, बाकी कुठलंही ॲप उतरवण्याआधी, तुमच्या वहीतलं सर्वांत अडलेलं काम काढा आणि ते टॅबलेटवर पूर्ण करून बघा.